मुशीवरचं झाकण

बंगळूर, १२ डिसेंबर

आईला वर्षाराणीचा नमस्कार. रामप्रसाद, तिला सावकाश वाचून दाखव.

मी बरी हाय, जेवते बी वेळेवर. नांदूरघाटला थंडी पडली का? तुझा गुडघा कसा हाय?

इथल्या प्रयोगशाळेत आमची फ्लोराइडची काच जमली. भट्टीत फ्लोरिन उडून जायचं, मग काचेत वीज वाहून न्यायला कोणी उरायचंच न्हाई. तू डाळीच्या पातेल्यावर ताट झाकतीस, तसं मी काच वितळवायच्या मुशीवर झाकण ठेवलं आन जमलं. मी काच करायची, सोबतचा केदार तिच्यातली वीज मोजायचा. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, तशी आपली जोडी, असं मीच त्याला हसून सांगितलं होतं.

परवा शोधनिबंध छापून आला. वर त्याच्या एकट्याचं नाव. शेवटी बारीक अक्षरात, काच वितळवायला मदत केल्याबद्दल माझे आभार. आमचे मार्गदर्शक सर म्हणाले, "मोजमाप त्याचंच आहे ना."

आई, फडात तू आबांच्या बरोबरीनं ऊस तोडायचीस, वर मोळ्या वाहायचीस, आन मुकादमाच्या वहीत कोयता लागायचा एकट्या आबांच्या नावावर. तुला कसं वाटायचं, हे मी कधी विचारलंच न्हाई. आता सांग.

रामप्रसाद, ती बोलेल तसंच लिही. आन खाली तिचं नाव टाक.

तुझी
वर्षा