माझ्या सन्मानाची मेजवानी

३ मार्च
राजधानी तारावाहून बोटीने बेटावरच्या आपल्या गावी पोचलो. सहा आठवड्यांत अख्ख्या गावाला हवामानबदल समजावून सांगायचा. प्रोजेक्टर, बॅटरी, बावन्न स्लाइड्स. आपलेच लोक, त्यामुळे अवघड काहीच नाही.
आई आल्या आल्या म्हणाली, आधी बाबाईचा खड्डा बघ, पानं पिवळी पडतायत. जमिनीतल्या गोड्या पाण्यापर्यंत खणलेला हा खड्डा; त्यातले अळूसारखे कंद बाबा होते तेव्हा त्यांनीच लावलेले. खड्डा जिवंत आहे तोवर मी बेट सोडणार नाही, असं तिने तिकडे बोलावणाऱ्या ताईला दहादा ऐकवलंय. उद्या बघतो म्हटलं. एका खड्ड्यावरून निष्कर्ष काढायचे नसतात.

७ मार्च, दुपार
सभाघरात पहिलं व्याख्यान. सभाघराला भिंती नाहीत हे विसरलो होतो. उजेडात पडद्यावर काही दिसलं नाही. वर बसून बोलायची रीत मोडून मी उभा राहिलो, तोही दुसऱ्याच घराण्याच्या ठरलेल्या जागेवर. नाबुआका मामा म्हणाले, अरे, समुद्रसुद्धा आत येतो तो सरपटत, तू कोण मोठा लागून गेलास? खाली बस. लोक पोट धरून हसले. एकूण प्रतिसाद उत्तम.

१५ मार्च
आज आपल्या जागेवर बसून बोललो. ती खांबामागे येते, त्यामुळे अर्ध्यांना फक्त आवाज. जमिनीत खारं पाणी शिरलं की ते सहजी परत जात नाही, हा मुद्दा जोरात मांडला. अर्धे पेंगले. आईची नजर मात्र हलली नाही. अभिमान वाटला.
खड्डा उद्या नक्की.

२३ मार्च
कुठली विहीर कुठल्या साली खारी झाली, हे बायका सांगत बसल्या. मधेच थांबवावं लागलं. अनुभव वेगळा, शास्त्र वेगळं.
खड्डा राहिला. अहवाल लिहायचा होता.

२ एप्रिल
आईने परवा गावजेवण ठेवलंय. बाबाई शिजणार! बाबाई काही रोज कुणी खात नाही. लग्नकार्य असलं किंवा कुणाचा मोठा मान करायचा असला, तरच. कुणाचा मान ते उघड आहे. आभाराचं छोटंसं भाषण लिहून काढलं.

४ एप्रिल
भाषण झालं नाही.
आईने सगळा खड्डा उपटला होता. बोटाएवढे कंदसुद्धा. मामा म्हणाले, जेव रे, तुझ्या बापाच्या हातचं हे शेवटचं.
आईला विचारलं, असं का केलंस? तिलाच नवल वाटलं. म्हणाली, तूच नाही का सांगितलंस, खारं पाणी परत जात नाही म्हणून? बाकीचे पेंगत होते, मी नीट ऐकलं. सोमवारच्या बोटीने ताईकडे चालले मी.
पान तसंच ठेवून उठलो. खड्ड्याकडे गेलो आणि रडलो.
पानं पिवळी पडली तरी बाबाई वाचवता येते. तळाशी भर घालायची, कंद उंचावर लावायचे, पाचोळा भरपूर टाकायचा. मला सगळं माहीत आहे. पुढच्या व्याख्यानात तेच सांगणार होतो.