फेलेतीचा नकार

वुडरिज, ब्रिस्बेनजवळ
९ ऑगस्ट १९९८

ती. मेलेआने वन्सं यांस,
लोसालीनचा सा. न. वि. वि.

तुमची चटई पोचली. मोसेसे भावोजींची बायको ती सारखी हात फिरवून बघते आहे, म्हणून मी ती कपाटावर ठेवून दिली आहे.

आता मोठी बातमी. आम्ही सगळे गोल्ड कोस्टच्या थीम पार्कला जाणार! इतकी वर्षं इथे राहून आम्ही तिथलं फाटक बाहेरूनच पाहिलं. मोटार त्या रस्त्याने गेली, की मुलं काचेला नाकं लावून बसतात. या सुट्टीत तिन्ही भावांची घरं, लहानमोठी धरून एकोणीस माणसं जायची. किटीओने भावोजींनी पुढाकार घेतला, देवळाच्या दोन गाड्या मागून ठेवल्या. दर रविवारी प्रार्थनेनंतर आमच्याकडे बैठक भरते. मोसेसे भावोजींची बायको अळूच्या पानांत मांस शिजवून लूचं मोठं पातेलं घेऊन येणार आहे. आत बाहेरचं खाणं चालत नाही असं कुणी सांगितलं, तर म्हणाली, माझ्या हातातून पातेलं कोण काढतो ते बघतेच.

हे सगळं छान चाललं होतं, वन्सं. पण मागच्या रविवारी हे मध्येच उठले आणि म्हणाले, की मी येणार नाही, आणि आपल्या मुलांनीही जायचं कारण नाही. बस्स, एवढंच. ईस्टरला पहिल्यांदा ही गोष्ट काढली ती ह्यांनीच! किटीओने भावोजींचा चेहरा उतरला. म्हणाले, धाकट्याने काही जमवलं, की थोरल्याला खुपतंच. भावोजी ताट अर्धं टाकून गेले. आज देवळात ते मुलाबाळांसकट पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. सगळ्यांनी पाहिलं.

मी कारण विचारलं तर काम आहे म्हणतात. धाकटा माका रडून रडून झोपतो. तुमचा शब्द ह्यांनी कधी खाली पडू दिलेला नाही. दोन ओळी लिहाल का?

लोभ आहेच, या खेपेला तो जरा जास्त लागेल.
तुमची,
लोसालीन

ओवाका बेट, वावाऊ
२० ऑगस्ट १९९८

चि. सौ. लोसालीन हिस,
मेलेआनेचे पोटभर आशीर्वाद.

मोसेसेच्या बायकोला त्या पातेल्यासकट लढाईवर पाठवायला हवी. चटई तुझी आहे, तिला म्हणावं हात धुऊन ये.

फेलेतीसाठी वेगळी चिठ्ठी आत ठेवली आहे. त्यात लिहिलंय, की तिघा भावांनी मुलाबाळांना घेऊन एकत्र जायचं, हा थोरल्या बहिणीचा शब्द आहे. त्याची मुलं आधी माझी भाचरं, मग त्याची मुलं. आत्याने सांगितलेलं तो मोडणार नाही. भावाभावांनी देवळात वेगळ्या बाकांवर बसायचं? आमची आई असती तर तिने दोघांना कान धरून एका बाकावर बसवलं असतं.

पण त्याच्या मनात काय आहे, ते मला विचारता यायचं नाही. त्याला मिसरूड फुटली तेव्हापासून आम्ही बहीणभाऊ एका खोलीत मोकळेपणी बसलेलो नाही, आणि आपल्याकडे ते तसंच असतं. बहिणीने भावाला हुकूम करावा, पण त्याचं दुखणं विचारू नये. ते काम तुझं. नीट विचार, आडून विचार.

इथे मासळी कमी आहे, बाकी ठीक. मुलांचे पापे घे.
मेलेआने

वुडरिज
४ सप्टेंबर १९९८

ती. वन्संस,
सा. न.

तुमचा शब्द फळला, आणि अंगावरही आला.

चिठ्ठी ह्यांनी उभ्याउभ्याच वाचली, घडी करून खिशात घातली आणि जाऊ म्हणाले. मुलांनी घर डोक्यावर घेतलं. किटीओने भावोजींना कळवलं, तर बरं झालं म्हणाले, पण अजून आमच्या दारात आलेले नाहीत.

त्या दिवसापासून ह्यांनी जेवण सोडलं. घरी आले, की कारखान्यात खाल्लं म्हणायचे. मी विश्वास ठेवला, कारण डबा रिकामा यायचा. तो डबा मित्रांना वाटला जातो हे मला बुधवारी कळलं. बुधवारी कारखान्यातून फोन आला, की मांस कापता कापता फेलेती भोवळ येऊन पडला आणि हातातली सुरी डाव्या तळव्यात गेली. मी कशी पोचले मला आठवत नाही. टाके पडले, बोटं वाचली. डॉक्टरांनी विचारलं, की शेवटचं पोटभर कधी जेवलात, तर हे भिंतीकडे बघत बसले. वन्सं, मला वाटलं काहीतरी भयंकर दुखणं आहे आणि हे लपवताहेत.

बाहेर आमची सिसिलिया बाकावर रडत होती. आता पंधराची झाली, सहसा रडत नाही. तिने सांगितलं ते ऐका. जूनमध्ये शाळेची जत्रा होती. तिथे फिरत्या खुर्च्यांत ती बापाशेजारी बसली. ह्यांच्या पोटावर आडवा दांडा काही लागेना. तिथल्या पोराने गुडघा टेकवून दोनदा दाबला आणि मग मोठ्यांदा म्हणाला, की काका उतरा, बाकीचे खोळंबलेत. रांगेत हशा पिकला. त्यात तिच्या वर्गातली मुलं होती. हे सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले, स्वतःच्या पोटावर थापा मारल्या. घरी येताना मात्र तिला म्हणाले, आईला सांगू नकोस. तिने शब्द पाळला.

म्हणजे तुमचा हुकूम आल्यापासून हे त्या दांड्यात मावायची धडपड करताहेत. मला कळलंय हे त्यांना ठाऊक नाही. सहल रद्द केली तर बहिणीचा शब्द मोडला म्हणून हे झुरतील. गेलो तर सगळ्यांसमोर तेच होईल. मी काय करू?

एक हात जोडून सांगते, किटीओने भावोजींना कळू देऊ नका. लहानपणापासून ते ह्यांना होडीबुडव्या म्हणतात. त्यांना हसायला निमित्तच हवं असतं.

तुमची,
लोसालीन

ओवाका
१५ सप्टेंबर १९९८

चि. लोसालीन,

तुझं पत्र दुकानाच्या पायरीवर वाचलं आणि तिथेच बसून राहिले. हातात अधिकार आहे म्हणून मी तो वापरला आणि माझ्या भावाच्या हातात सुरी घुसली. माझा शब्द मी परत घेते. त्याला एवढंच सांग, की ताईने मोकळं केलं, यायचं तर ये, नाहीतर नको. कारण सांगू नकोस.

आता तू रागावशील. हे पत्र घेऊन येणाऱ्या माणसाबरोबरच मी किटीओनेलाही पत्र पाठवलंय आणि त्याला सगळं लिहिलंय. तू हात जोडलेस तरी लिहिलंय. तू त्याला नवऱ्याचा भाऊ म्हणून ओळखतेस, मी त्याला पाळण्यापासून ओळखते. तो पाच वर्षांचा असताना तापाने फणफणला, तेव्हा फेलेती त्याला होडीत घालून एकटा वल्हवत नेइआफूच्या दवाखान्यात घेऊन गेला. भर वाऱ्यात. किटीओने त्याची थट्टा करतो, कारण दादाशी दुसरं कसं बोलायचं हे त्याला कळत नाही. माझा अंदाज चुकला तर दोष माझा. मग तू मला पत्र लिहू नकोस, मी समजेन.

प्रार्थना करते आहे.
मेलेआने

वुडरिज
२७ सप्टेंबर १९९८

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

तुमच्यावर मी खूप रागावले होते. लपवत नाही. किटीओने भावोजींनी पत्र वाचलं आणि तरी आले नाहीत, फोनसुद्धा नाही.

काल शनिवारी निघायचं होतं. सकाळी ह्यांना सांगितलं, की वन्संनी मोकळं केलंय. ह्यांनी विचारलं, का? मी म्हटलं, मला काय ठाऊक. ह्यांनी सदरा चढवला आणि गाडीत जाऊन बसले. एरवी गाडीत आपली माणसं गात नाहीत असं होतं का? काल कुणी गायलं नाही. दोघे भाऊ दोन गाड्यांत.

सकाळभर ह्यांनी पिशव्या सांभाळल्या. कुणी पाळण्यात बोलावलं, की हाताच्या पट्टीकडे बोट दाखवायचे. दुपारी मुलं सगळ्यात उंच रोलर कोस्टरच्या रांगेत शिरली. तिथली उंचीची खूण माकाने टाचा न उचलता गाठली, आणि बाबाच शेजारी हवा म्हणून त्याने ह्यांचा सदरा धरला. रांगेच्या तोंडाशी एक नमुन्याची खुर्ची ठेवली होती, बसून बघायला. किटीओने भावोजी तिच्याकडे निघाले. वन्सं, मी डोळे मिटले. मला वाटलं आता भावोजी काहीतरी बोलतात.

पण त्यांच्या आधी हेच पुढे झाले आणि खुर्चीत बसले. दांडा स्वतः ओढला. लागला नाही. पुन्हा ओढला. मागे कुणीतरी खिदळलं. भावोजींनी मागे वळून नुसतं पाहिलं. ते खिदळणं तिथेच थांबलं.

हे या वेळी हसले नाहीत. उठले आणि मुलांना म्हणाले, की मी यात मावत नाही, शाळेच्या जत्रेतही मावलो नव्हतो, मला लाज वाटली म्हणून तुम्हा सगळ्यांना अडवत होतो, आता तुम्ही जा. सिसिलियाने त्यांच्या दंडाला मिठी मारली. माकाने एवढंच विचारलं, की मग माझा हात कोण धरणार.

म्हणून मी गेले! शिडीवर चढायला घाबरणारी मी! आणि किटीओने भावोजी रांगेतून बाहेर पडले. त्यांच्या मुलांनी हाका मारल्या, तर म्हणाले, मला दादाजवळ बसायचंय. वर पोचल्यावर, किंचाळायच्या आधी, मला खाली दिसलं. दोघे फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते, मध्ये पातेलं, आणि दोघंही हाताने लू खात होते. (पातेलं आत येऊ दिलं नाहीच. जाऊबाईंनी रखवालदाराला इतकं ऐकवलं, की शेवटी त्याने स्वतः ते कट्ट्यावर सावलीत ठेवलं.) मी खाली उतरून गेले तेव्हा शेवटचा तुकडा कुणी खाल्ला यावरून दोघांचं भांडण चाललं होतं. माफी कुणी मागितली नाही. आज देवळात एका बाकावर होते.

मी तुम्हाला पत्र लिहिलंय, म्हणजे काय ते तुम्ही समजलात.
तुमचीच,
लोसालीन

वुडरिज
११ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस,
फेलेतीचा सा. न.

हाताचे टाके निघाले. बोटं हलतात. पुढच्या सोमवारपासून कामावर.

असलं मी तुला कधी लिहिलं नाही आणि लिहू नये हे मला ठाऊक आहे. तरी लिहितो. माझं शरीर फार जड झालंय. डॉक्टर म्हणाले साखरही आहे. उपाशी राहायचं नाही, नेमाने खायचं आणि चालायचं. सकाळी किटीओने येतो, आम्ही स्टेशनपर्यंत चालत जाऊन येतो. तो सगळी वाट बडबडतो. तू त्याला लिहिलं होतंस, हे त्यानेच सांगितलं. मला आधी राग आला होता. आता नाही.

मुलं पुढच्या वर्षी पुन्हा जायचं म्हणताहेत. मी हो म्हटलंय. मावलो तर बसेन. नाही मावलो तर खाली उभा राहून त्यांना हात करीन.

तुझा,
फेलेती