लाल वायर, हिरवी वायर

मुंबई, मंगळवार

सौ. कल्पिता,
घरी सगळे बरे असाल असं धरून लिहितो.

इथे इस्पितळात माझा खोकला कमी झाला, वजन चारशे ग्रॅम वाढलं. आपला धर्मेश नीट जेवतो ना?

एक गोष्ट लपवली होती. टीबीच्या लिनेझोलिड गोळीने मला रंग फिके दिसायला लागले. आपल्या नरपड गावच्या बोटींचं वायरिंग मी स्वतः शिकून केलं, म्हणून कबूल करवेना. काल डॉक्टर म्हणाले, "आठ दिवस काय मुहूर्त बघत होतात?" गोळी बदलली. नजर पूर्ण परतेल याची खात्री ते देत नाहीत.

धर्मेशचीही तीच गोळी चालू आहे. माझ्या पेटीतल्या लाल-हिरव्या वायरी रोज सकाळी त्याला ओळखायला लाव. चुकला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने; मनाने औषध बंद करू नकोस.

वायरी तूच निवड. फोटो पाठवून मला विचारू नकोस. मला दोन्ही मातकट दिसतात.

तुझा,
नविन