डावी नाकपुडी

१८ जाने. १९६१
मुंबईच्या इस्पितळात जाऊन आले. शाळेत रजेचा अर्ज 'डोळे तपासणे' असा दिलाय. डॉ.नी दिवा लावून नाक आतून पाहिलं. आठव्या वर्षी मिठागराच्या दगडी बांधावर तोंडघशी पडले, तेव्हा आत मोडलं आणि तसंच वाकडं जुळलं. म्हणून डावी नाकपुडी बंद.
मासिकातून कापलेला नटीचा फोटो पुढे केला. त्यांनी तो उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाले, "हे नाक तिच्या चेहऱ्याचं. तुमच्या चेहऱ्याला शोभेल ते मी करीन. पण आधी श्वास, मग रूप. चालेल?"
चालेल म्हटलं. खरं तर मला रूप आधी हवं होतं.

२२ जाने.
आयला सांगितलं. ती मिठागरातून नुकतीच आलेली, पाय धूत होती. म्हणाली, "बाय, सरल नाक कोनाला दाखवाचं हाय?"
मलाच, म्हटलं. तिने पाय पुसले आणि चुलीकडे गेली.
वर्गात मुलांना कविता म्हणून दाखवताना दोन ओळींनंतर तोंड उघडं टाकून दम घ्यावा लागतो. मागच्या बाकावरची मुलं नक्कल करतात. हे आयला माहीत नाही. तेच आधी सांगायला हवं होतं.

२६ एप्रिल
सुट्टी लागली. ३ मेचं ऑपरेशन ठरलेलं. डॉ.नी पुन्हा सगळं विचारलं. खरचटलं तर रक्त लवकर थांबतं का, दमा, खोकला, आधी कधी भूल दिली होती का. शेवटी विचारलं, तंबाखू, तपकीर? नाही म्हटलं.
बाहेर बाकावर येऊन बसले. दहा मिनिटं गेली असतील. मग परत आत गेले आणि सांगून टाकलं. रोज दोन-तीन चिमट्या, चार वर्षं. नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं म्हणून.
रागावले नाहीत. "बरं झालं बोललात. कच्च्या जखमेवर एक जोराची शिंक आली, तर सगळं केलेलं वाया जाईल." तपकीर आजपासून बंद, ऑपरेशन १८ मेला.
येताना होडीतून डबी खाडीत टाकली. नावाडी बघत राहिला.

१ मे
डोकं धरलंय. चिडचिड. आयवर विनाकारण ओरडले आणि मग कवितेचं, मुलांचं, सगळं बोलून गेले. ती ऐकत होती. जेवताना एवढंच विचारलं, कदी जाचं हाय. बरोबर येणार म्हणते.

१७ मे
बायकांच्या वॉर्डात, खिडकीजवळची खाट. डॉ.नी आयलाही बसवून घेतलं आणि काही झाकून ठेवलं नाही. डोळ्यांभोवती काळंनिळं होईल. नाकात कापसाचे बोळे असेपर्यंत तोंडानेच श्वास. उशा उंच ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही. वर्षभर नाकाला मार लागता कामा नये. बरीचशी सूज महिन्यात उतरते, शेंडा मात्र वर्ष घेतो. अगदी रेघेसारखं सरळ होईल याची हमी नाही, कदाचित पुन्हा थोडं हात लावावा लागेल.
आयने एकच विचारलं, "पोरीला जाग येल ना?"
ते म्हणाले, छाती-हृदय ठीक आहे, धोका अगदी थोडा. पण नाहीच असं म्हणणार नाही. बहुधा म्हणूनच तिचा विश्वास बसला. संमतीच्या कागदावर मी सही केली, तिने शेजारी अंगठा दिला.
मला भीती नाही. थोडी आहे.

२० मे
परवा ऑपरेशन झालं, संध्याकाळी जाग आली. आय होती. तोंड कोरडं, नाकावर प्लास्टर, आत बोळे. दुखण्यापेक्षा कोंडल्यासारखं जास्त. जास्त लिहवत नाही.

२७ मे
प्लास्टर काढलं. आरसा मागितला. नाक कसलं, उकडलेलं रताळं. रडले नाही असं लिहिणार होते. रडले.
आय म्हणाली, सूज हाय, उतरंल. डॉक्टरचं बोलणं माझ्यापेक्षा तिनेच नीट ऐकलं होतं.

१९ जून
शाळा. हेडमास्तर दोनदा बघून गेले. चौथीला कविता म्हटली. आठ ओळी, मध्ये कुठे न अडता. डावीकडूनही वारा आत जातो! पुढच्या कडव्याला मुद्दाम आवाज चढवला.

५ नोव्हें.
नाक सरळ आहे. डावीकडे बारीकसा खळगा राहिलाय. डॉ. म्हणतात, मेपर्यंत थांबा, मग हात लावायचा की नाही ते तुम्ही सांगा.
आज दिवाळे गावाहून एक कोळीणबाई चालत आली, बरोबर एकोणीसेक वर्षांची लेक. लहानपणी होडीचं वल्हं लागून तिचं नाक बसलंय. कोळीण म्हणाली, बाई, करावं का? मी म्हटलं, ते तिला विचारा. आणि मला ठाऊक आहे ते सगळं सांगितलं. फोटोचं, तपकिरीचं, रताळ्याचंसुद्धा. खळगा बोट ठेवून दाखवला.
मुलगी इतका वेळ खाली बघत होती. जाताना विचारलं, "मंग लोकं वलखतात का?"
म्हटलं, ओळखतात. दोन दिवस बघतात आणि विसरतात. आपणच आरशात बघत राहतो.
पुढच्या महिन्यात तिघींनी मुंबईला जायचं ठरलंय, आधी नुसतं विचारायला. खळग्याचं माझं अजून ठरत नाही.