सुई कुठे टोचतात

प्रिय धाकटे,

पत्र फाडू नकोस. तुझ्या छकुलीच्या लशीवरून आपण भांडलो, त्याला दोन महिने होऊन गेले. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. उपदेश करणार नाही, फक्त माझी फजिती कशी झाली ते सांगणार आहे.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या तुझ्या ताईला दवाखान्याचं काम मिळालं. लसीकरणाच्या खोलीबाहेरची अख्खी भिंत! चित्र असं हवं, की दारापर्यंत येऊन माघारी फिरणाऱ्या आया आत जातील. चार दिवस खपून मी गुटगुटीत, हसरं बाळ काढलं, शेजारी नर्स आणि बाळाच्या दंडाला सुई. स्वतःवरच खूश होऊन बाकावर बसले, तेवढ्यात शिवणकाम करणारी एक बाई दीड महिन्याचं बाळ घेऊन आली. चित्र बघून म्हणाली, की एवढ्याशा बाळाला मांडीत टोचतात, आणि टोचताना हसतं कुठलं बाळ? यांना हेच माहीत नाही, तर बाकीचं तरी खरं कशावरून? आणि आली तशी निघून गेली. माझा चेहरा बघण्यासारखा झाला असणार.

मला राहवेना. हिला जे एका नजरेत दिसलं ते मला चार दिवसांत का दिसलं नाही? मग आठवडाभर वही घेऊन त्याच बाकावर ठाण मांडलं. गंमत सांगू? सुईकडे कोणीच बघत नाही. आया बाळाच्या तोंडाकडे बघतात आणि बाप छताकडे. भीती कशाची वाटते, असं मी एकेकाला विचारायला लागले आणि सांगतील ते काढायला लागले. एकीला टोचण्याचं काहीच नव्हतं, संध्याकाळी ताप चढला की सासूबाई काय म्हणतील याची धास्ती होती. एका बापाला वाटायचं, सुई हाडाला लागेल. नर्सबाई येता-जाता वहीत डोकावून तिथल्या तिथे उत्तर द्यायच्या: हाडाला लागत नाही, ताप बहुतेक एक-दोन दिवसांत उतरतो, जास्त वाटलं तर केव्हाही या.

मग भिंत पुसून पुन्हा रंगवली. आता बाळ भोकाड पसरून रडतंय, सुई मांडीत आहे. शेजारी संध्याकाळ, अंगात कणकण, आईला खाली ठेवू देत नाही. तिसऱ्या चित्रात ते निवांत मूठ चोखतंय. काल ती शिवणकामवाली पुन्हा आली. बराच वेळ बघत उभी राहिली, चित्रातल्या मांडीवर बोट ठेवलं आणि आत गेली. सगळ्याच जातात असं नाही.

तुझ्या थोरल्याला लशीनंतर ताप आला, तेव्हा दोन दिवस तू त्याला खांद्यावरून उतरवलं नव्हतंस. म्हणून छकुलीला लस नको म्हणालीस, आणि मी तुला अडाणी म्हणाले. परक्या बायकांना आठवडाभर विचारत बसले, सख्ख्या बहिणीला एकदाही विचारलं नाही. चुकलं माझं. आठवतं, माळ्यावर कोणीतरी आहे म्हणून तू घाबरायचीस? मी तुला ते कागदावर काढायला लावायचे आणि मग आपण दोघी शिडी लावून बघायला जायचो. इथे डांग्या खोकल्याने बेजार झालेली बाळं रोज येताहेत. छकुली चारच महिन्यांची आहे. मला फार भीती वाटते गं. ती मी या पानामागे काढली आहे. सोबतचा कोरा कागद तुझा. तुझी भीती काढून ठेव, कशीही आली तरी चालेल. रविवारी मी येते, दोघी मिळून बघू.

तुझीच,
ताई