घंटी वाजली होती

शुक्रवार, १२ जानेवारी १९७९

कालच्या पानावर लिहिलंय — "दिवे गेले तेव्हा घंटी वाजलेली नव्हती." चूक! वाजली होती.

मी डब्याचं झाकण लावत होते. पाठीमागे घंटी झाली. न वळताच विचारलं, "झालं का अण्णा?" यंत्र चालवणारे मडिवाळप्पा म्हणाले, "झालं की." मग चिठ्ठ्या फाडल्याचा आवाज. आणि अंधार. हे आठवलं कधी, तर आज दुपारी घरी अव्वाने तेच झाकण आपटून बसवलं तेव्हा. हातातला पेला तसाच राहिला.

आणि सकाळी मी काय सांगून बसले! खात्याच्या मानसिंगराव साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "जगदेवीबाई, खोलीत तुम्ही होता. घंटी वाजली का?" मी म्हटलं, "नाही वाजली." मुद्दाम नाही. खरंच तसं वाटलं. अंधार झाला, खात्यात आरडाओरडा, कुणीतरी "गड्ड्याच्या रोषणाईनं खाल्ली वीज!" म्हणून हसलं — डोक्यात तेवढंच उरलं होतं. पण "आठवत नाही" असं म्हणता आलं असतं. मी "नाही" म्हटलं.

मडिवाळप्पा माझ्याकडे बघतच राहिले. 

गुरुवारी बदली कामगारांची रांग गेटवर पहाटेपासून लागली होती. कायम जागा रांगेच्या क्रमानं मिळणार. चिठ्ठ्या क्रमानं आत येतात, मडिवाळप्पा त्यांवरची नावं कॉम्प्युटरच्या यंत्रात घालतात, शेवटी 'लिही' म्हणून आज्ञा देतात. पडद्यावर 'डन' उमटून घंटी वाजली की जुडी फाडायची. आधी नाही. (गेल्या वर्षी एकाच चिठ्ठीवर दोघं कामाला लागले, तेव्हापासून फाडायचा नियम.) घंटीशिवाय फाडली म्हणजे क्रम गेला. मडिवाळप्पांना आज घरी पाठवलं. कायमचं काय ते बुधवारी, गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी संपून गिरणी उघडल्यावर.

संध्याकाळी साहेबांच्या घरी गेले. कुलूप. शेजारी म्हणाले, साहेब संक्रांतीला नातेपुत्याला गेलेत. मंगळवारी रात्री येणार.

शनिवार, १३ जानेवारी. भोगी.

रात्री जरा हलकं वाटलं होतं. घंटी वाजली म्हणजे नावांची पानं डिस्कवर गेली. बुधवारी यंत्र चालू केलं की सगळी नावं दिसतील, मी साहेबांना सांगेन, मडिवाळप्पा सुटतील. एवढं सोपं.

तरी खात्री करावी म्हणून प्रोग्रामचे कागद काढले. अव्वा ओरडली, "भोगीचं आधी न्हाऊन घे. कागद काय पळून जात न्हाईत!" बाजरीच्या भाकरीवर तीळ थापत होती. मी जमिनीवर बसून वाचत होते. वाचलं. पुन्हा वाचलं.



डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे प्रोग्रामचा डिस्कशी बोलणारा भाग, नोव्हेंबरात मीच बदलला. डिस्क फार हळू. दर पानाला यंत्र ताटकळायचं. म्हणून मी पानं आधी मेमरीत ठेवायची सोय केली. मेमरीत बदललेलं पान 'ओलं'. डिस्कवर उतरलं की 'वाळलं'. वाळलेल्या पानाच्या जागी यंत्र खुशाल दुसरं पान आणू शकतं, ओल्याला हात लावायचा नाही. नावं माझीच. साहेब खूश झाले. मडिवाळप्पा म्हणाले, "अक्का, तुमी यंत्राला चाबूक मारला का काय? लई पळतंय की!"

पळणारच! डिस्कला 'लिही' म्हणायचं, तिचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, मग पान वाळलं म्हणायचं, मग घंटी. मी काय केलंय? 'लिही' म्हटलं आणि लगेच — वाळलं. घंटी. उत्तराची वाटच पाहिली नाही! दोन ओळी उलट्या लागल्यात. दोन महिने सगळे ज्या वेगाचं कौतुक करत होते, तो हा वेग.

रोज वीज होती म्हणून डिस्क मागून निवांत लिहीत राहिली आणि कुणाला कळलं नाही. गुरुवारी घंटी आणि अंधार यांत एक श्वास होता. एका श्वासात ती डिस्क एवढी पानं लिहीत नाही. शक्यच नाही.

म्हणजे घंटी वाजली, आणि घंटी खोटं बोलली. ती मीच. मग साहेबांसमोर पुन्हा खोटं बोलले, तेही मीच.

भाकरी तशीच झाकून ठेवली.

रविवार, १४ जानेवारी

अव्वाबरोबर गड्ड्यात देवाच्या लग्नाच्या अक्षतांना गेले. गर्दीत पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, देवाच्या उंच काठ्या वर झुलतायत, आणि मला फक्त एकच दिसत होतं — अंधार व्हायच्या आधीचा तो श्वास.

परतताना निंगव्वा भेटली. मडिवाळप्पांची बायको. मला वाटलं तोंड फिरवील. तर तिनं हात धरून तिळगूळ ठेवला. "घ्या अक्का. ग्वाड बोला म्हनत न्हाय मी. तुमी खरं बोलता, तेवढं पुरं हाय."

टोमणा होता का? तोंडावर काहीच नव्हतं. अव्वा म्हणाली, "का गं, घाम का फुटला एवढ्या थंडीत?"

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. काय सांगू पण? बुधवारी डिस्क उघडतील तेव्हा नावं नसतीलच. घंटी वाजली म्हणाले तर साहेब म्हणतील, मग पानं कुठायत? ड्रायव्हर चुकला म्हणाले तर म्हणतील, मडिवाळप्पांसाठी रदबदली करतेय. दाखवायला हातात काय आहे? नुसता कागदावरचा प्रोग्राम. तो वाचणारं खात्यात दुसरं कोण आहे?

तिळगूळ अजून रुमालात आहे.

सोमवार, १५ जानेवारी

आहे! हातात नाही — पण आहे!

अव्वा शेजारच्या लहानग्या गुंडाला मुळाक्षरं शिकवत होती. मलाही तिनंच शिकवलं, शाळेत घालायच्या आधी, त्याच पाटीवर. गुंडानं ओला फडका उचलला तशी तिनं मनगट धरलं. "उतरून घेतलं का? इचारल्याबिगर पाटी पुसायची न्हाय." मला हज्जार वेळा ऐकवलेलं वाक्य. आणि मी ताडकन उभीच राहिले. अव्वा घाबरली — "यव्वा! काय चावलं?"

पाटी पुसलेलीच नाही!

आमच्या यंत्राची मेमरी बारीक लोखंडी कड्यांची, तारेत ओवलेली. कडी एकदा ज्या बाजूनं भारली तशीच राहते. वीज गेली तरी! मला हे माहीत आहे, शिकवलंय आम्हाला, आणि चार दिवस एकदाही डोक्यात आलं नाही. मेमरी म्हणजे वीज गेली की गेलं, असं सगळे बोलतात तसंच धरून बसले.

गुरुवारनंतर यंत्र चालू झालेलंच नाही. गड्ड्याच्या दिव्यांनी वीज वरखाली होते म्हणून साहेबांनी विजेचा मोठा खटका पाडूनच ठेवलाय. म्हणजे मडिवाळप्पांनी घातलेली सगळी नावं क्रमानं अजून कड्यांत आहेत. आणि प्रत्येक पानावर माझा शिक्काही — 'वाळलं'. डिस्कवर पान नाही आणि मेमरीत त्यावर 'वाळलं'! यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा? यंत्र 'थांब'वर ठेवून नुसती वीज द्यायची. मग समोरच्या कळा खालीवर करत एकेक शब्द दिव्यांत वाचता येतो. मी बसेन. दिवस लागला तर दिवस.

फक्त कुणी त्याआधी 'चालू' करता कामा नये; चालू झालं की 'वाळलेल्या' पानांच्या जागी दुसरी पानं येतील.

नंतर आठवलं. बुधवारी तपासणीला पुण्याचा इंजिनिअर येणार आहे. त्याचं पहिलं काम ठरलेलं — कड्या नीट आहेत का पाहायला सगळ्या मेमरीत एकदा शून्य भरायचं, एकदा एक भरायचं. सगळ्या मेमरीत!

 पण वेळ आहे. आधी मडिवाळप्पांचं ठरेल, त्यांना विचारतील, ते सांगतील घंटी वाजली, मी उभी राहून सांगेन हो वाजली, आणि यंत्राला तोपर्यंत कुणी हात लावणार नाही. चौकशी आधी, यंत्र मागून. असंच होईल.

मंगळवार, १६ जानेवारी

चौकशी होणारच नाही.

संध्याकाळी मडिवाळप्पांच्या घरी गेले होते. काल खात्यातले धोंडप्पा कारकून कागद घेऊन आले, आणि यांनी सही करून दिली — घंटी वाजली नव्हती, तरी चिठ्ठ्या फाडल्या. मी म्हटलं, "अण्णा, असं कसं? तुम्ही तर ऐकली होती!"

"ऐकली असं वाटलं की. पर तुमी न्हाय म्हनला. तुमी कशाला खोटं बोलाल अक्का? म्हंजे माजंच कान वाजलं."

निंगव्वा चुलीकडून म्हणाली, "पैल्या दिवशी ह्ये आठ येळा म्हनत हुते, वाजली वाजली. म्या म्हटलं, अक्कांनी सांगितलंय तर गप ऱ्हा."

मी ओरडलेच. "अण्णा, वाजली होती! मी चुकले. घंटीही चुकली. सगळं माझं आहे!"

ते हसले. किती मऊ हसले! "ऱ्हाऊ द्या. मला वाईट वाटू नये म्हनून बोलताय. तुमचं काम नवं हाय. च्या घ्या."

विश्वासच बसला नाही त्यांचा! मी खोटं बोलले ते खरं धरलं, खरं बोलले तर ती दया वाटली.

बाहेर गड्ड्याचं शोभेचं दारूकाम चाललंय, सगळी गल्ली गच्चीवर आहे. चौकशी नाही, म्हणजे उद्या गेट उघडल्याबरोबर इंजिनिअर थेट यंत्रापाशी. साहेबांच्या खिडकीत दिवा दिसला तर आत्ताच जाते. नाही दिसला तर गेट उघडायच्या आधी तिथे उभी असेन, आणि त्या खटक्यासमोरून हलणार नाही.

बुधवार, १७ जानेवारी. पहाट.

साहेबांच्या खिडकीत दिवा दिसला नाही; गेट अजून बंद आहे, आणि रांगेत पहिली मीच.