नारपोलीत सहा मिनिटं, दिघाशीत किती?

शुक्र. ६ नोव्हेंबर २००९
सुट्टी. लूम बंद. काल आणलेलं, लॅपटॉपला लावायचं थ्रीजी नेट कार्ड आज उघडलं. दुकानदाराला विचारलं होतं, डब्यावर ३.६ लिहिलंय ते बिट की बाइट? उतरवायचा स्पीड की चढवायचा? तो म्हणाला, "काका, फास्ट आहे." अठ्ठावीस वर्षं जॉबर म्हणून लूम दुरुस्त करतोय, लूम विकणारेही हेच सांगतात. फास्ट आहे. प्लेटवर स्पीड मोठा, आणि शिफ्ट संपल्यावर ताका बघावा तर जेवढ्यास तेवढा. धागा तुटला, धोट्यातली कांडी संपली, तो वेळ प्लेटवर कोण लिहितो?

माहितीपत्रक दोनदा वाचलं, एकदा डिक्शनरी घेऊन. चढवायचा स्पीड ३८४ किलोबिट. आठने भाग, सेकंदाला ४८ के.बी. मनीषाची 'चेक्स-१७' ही फाइल १९४० के.बी.ची. म्हणजे चाळीस सेकंद.

लेक शर्टिंगच्या चेक्सची डिझाइनं लॅपटॉपवर करते आणि सकाळी अकराच्या आत मुंबईला तिच्या कापडवाल्या शेठच्या ऑफिसात मेल करते. जुन्या मोबाइलला केबल लावून साडेचार मिनिटं जातात. कुठल्या दिवशी काय पाठवायचं ते ती कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवते, आणि माझ्या सांगण्यावरून लागलेला वेळही.

यापुढे जु. म्हणजे जुना मोबाइल, न. म्हणजे नवीन कार्ड.

न. – पहिली खेप ५ मि. ५० से. दुसरी ६-२०. तिसरी चार मिनिटांवर तुटली.

चाळीस सेकंद कुठे गेले?

मनीषा : "बाबा, मला द्या ना ते वापरायला." म्हटलं, चाचणी पूर्ण होईपर्यंत नाही.

रवि. ८ नोव्हें.
अर्धी रजा टाकली. सुनंदा (सौ.ची मावसबहीण, भिवंडीबाहेर दिघाशी गावात दिलेली) स्थळ घेऊन आली. मुलगा नीलेश, तिचा शेजारीच. मानकोलीला गोडाऊनच्या ऑफिसात आहे. बोलणं बेताचं, पण विचारल्याचं नेमकं उत्तर देतो. मी विचारलं, गोडाऊनची लांबी किती? "दोनशे दहा फूट, ऑफिस धरून." ऑफिस धरून! आवडला.

त्याची आई एकदम मोकळी. चहा पिता पिता सगळं घर बघून आली.

मनीषाने आपली अट स्वतःच सांगितली. काम सोडणार नाही. दिघाशीहून फाइल अकराच्या आत जात असेल तरच. सौ.ने तिला चिमटा काढलेला मी बघितला.

नीलेश : "मी रोज सकाळी मानकोलीला जातो. पेनड्राइव्ह नेईन, ऑफिसातून पाठवेन."
मनीषा : "आणि ज्या दिवशी आपलं भांडण होईल त्या दिवशी?"

नीलेशची आई एवढी हसली की बशीतला चहा साडीवर. "बरोबर हाय पोरीचं! मी तर रोज भांडते याच्या बापाशी!"

दोघं गॅलरीत बोलत उभी होती. पंचेचाळीस मिनिटं. (मी मोजत नव्हतो. भिंतीवर घड्याळ आहे.)

ठरलं असं : दिघाशीला नेट चालेल की नाही ते मी सांगायचं. त्यावर पुढचं.

शुक्र. १३ नोव्हें.
न. – ६-०५, ५-४०, ६-३०. वेगवेगळ्या वेळा घेतल्या : सकाळी, दुपारी, संध्याकाळी. खिडकीत, माळ्यावर, दारात. माणसाने चाचणी करावी तर अशी.

सौ. : "मुलीचं लग्न ठरवताय का रॉकेट सोडताय?"

शुक्र. २० नोव्हें.
न. – ६-१०. दुसरी तुटली. तिसरी ६-४५.

तीन आठवडे, नऊ खेपा, दोन तुटल्या. निष्कर्ष : थ्रीजी हे निव्वळ नाव. जु.ची साडेचार, न.ची सहा. नवीन ते जुन्यापेक्षा हळू. इथे नारपोलीत, भिवंडीच्या भर वस्तीत, घरासमोर टॉवर असताना ही गत, तर दिघाशीला काय असणार? तिथे तर अजून जुनंच असेल. मुलीने रोज सकाळी खिडकीत डोकं खुपसून बसायचं, आणि शेवटी एक दिवस काम सुटायचं.

सुनंदाला फोन केला. नाही जमायचं म्हणालो. ती म्हणाली, "भावजी, मुलगा बघा हो, मशीन काय बघता?" म्हटलं, मुलीची अटच ती आहे. मी आकड्यांवर बोलतो.

फोन ठेवल्यावर बरं वाटायला हवं होतं.

मंगळ. २४ नोव्हें.
मनीषा गप्प नाही. तेच वाईट. सगळ्यांशी नीट बोलते, वेळेवर जेवते, कामही वेळेत. सौ. तिला म्हणाली, "एकदा परत विचारू का बाबांना?" मी आत होतो, ऐकलं. ती म्हणाली, "नको गं. बाबांनी मोजलंय म्हणजे बरोबरच असणार."

बुध. २५ नोव्हें.
हे नीट लिहायला हवं.

रफीकभाई, आमच्या शेडमधला सगळ्यात जुना कारीगर. आज जेवणाच्या सुट्टीत शेडमधून गावाला फोन लावत होता. दोन मिनिटांत लागला. सहज म्हटलं, आज लवकर लागला. तर म्हणाला, "आज तो लगेगाही, जॉबरसाब. जुम्मे को लगा के दिखाओ! सारी भिवंडी की छुट्टी, आधा यूपी-बिहार लाइन पे बैठा रहता है. मैं तो जुम्मे को कोशिशही नहीं करता."

हातातली भाकरी तशीच राहिली.

घरी येऊन वही काढली. ६ तारीख, शुक्रवार. १३, शुक्रवार. २०, शुक्रवार. न.च्या नऊच्या नऊ खेपा शुक्रवारच्या. कारण मला सुट्टी शुक्रवारी. आणि जु.ची साडेचार मिनिटं मनीषाची, कामाच्या सकाळची. शुक्रवारी शेठला ती काही पाठवतच नाही.

मी सगळ्या भिवंडीच्या सुट्टीच्या दिवशी बाजारात बैलगाडी घातली आणि म्हणतोय बैल चालत नाही.

खेप बदलली, जागा बदलली, वेळ बदलली. वार बदलला नाही. शिकाऊ माणसाने लूमची अशी चाचणी घेतली असती तर त्याला मी शेडबाहेर उभा केला असता.

सौ.ला सांगितलं. ती हातातलं काम सोडून उठली. मग पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. रडते की काय म्हणून मागे गेलो, तर ओट्याला धरून हसत होती.

गुरु. २६ नोव्हें.
रजा. आमच्या शेडचे शेठ म्हणाले, आजारी? म्हटलं, नाही, चूक झालीय.

सकाळी साडेनऊ. कार्ड मनीषाच्या हातात दिलं. "तू पाठव, मी नुसतं घड्याळ धरतो."
न. – १-२५, १-१८, १-३१. सरासरी १-२५ धरू.
जु. – ४-३५.

पहिल्या खेपेला 'गेलं' असं स्क्रीनवर आलं तेव्हा ती खुर्चीत वळली. म्हणाली, "गेलं पण?" मी म्हटलं, हो. तिला सगळं सांगितलं. वार, तारखा, रफीकभाई. तिने वही घेतली, तिन्ही पानांवरचा 'शुक्र.' बोटाने दाखवला. मग म्हणाली, "बाबा, प्रत्येक पानावर तुम्हीच लिहिलंय. ठळक."

चाळीस सेकंद अजून सापडलेले नाहीत. पण एक-पंचवीस हे एक-पंचवीस.

शुक्र. २७ नोव्हें.
उद्या बकरी ईद, आज वस्तीत फोनच फोन. मुद्दाम दोन्ही मोजली, एकाच दिवशी, पाठोपाठ, हेच आधी करायला हवं होतं.
न. – ६-०५.
जु. – १४-१०. दुसऱ्यांदा सतराव्या मिनिटाला तुटली.

म्हणजे नवीन ते फास्ट आहेच. शुक्रवारीही. पण टॉवर तोच, आणि रांगेत किती माणसं उभी आहेत हे डब्यावर लिहिलेलं नसतं. दुकानदार पूर्ण खोटं बोलला नाही, मीही पूर्ण चुकलो नाही. हे वाक्य सौ.ला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दुसरा अर्धा भाग खोडा."

खोडला नाही. पण सुनंदाला फोन केला. रविवारी येतो म्हटलं. ती म्हणाली, "घड्याळ घेऊनच ना? या. वालाचं बिरडं करते."

रवि. २९ नोव्हें.
दिघाशी. मी, सौ., मनीषा, लॅपटॉप, न., जु., दोन केबली, वही. एसटीत शेजारच्या बाईंनी विचारलं, गावात काय शाळेला देताय का हे?

सुनंदाच्या ओट्यावर टेबल मांडलं. तोवर नीलेशची आई शेजारून आलीच. मी उभा राहिलो. येताना वाटेत तीन वाक्यं तयार केली होती, त्यातलं एकच निघालं : "माझी मोजणी चुकली होती, वहिनी. नाही म्हणालो ते चुकून."

त्या म्हणाल्या, "मग आता हो म्हनायला आलात?"
"नाही. मोजायला."
"आरे देवा," त्या म्हणाल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या.

कार्डाचा दिवा निळा लागला की नवीन नेटवर्क, हिरवा लागला की जुनं. इथे हिरवाच. थ्रीजी इथे न्हाय, नीलेशने शांतपणे सांगितलं, कधी येणार तेही कोणी सांगत नाही. म्हणजे नवीन कार्ड इथे जुन्यासारखंच चालणार. मला वाटलं, आटपलं. मनीषाचं तोंड बघितलं नाही.

पहिली खेप ३-०५.
दुसरी ३-१२.
तिसरी २-५८.

सरासरी बरोबर ३-०५. जुनं नेटवर्क, पण रांगेत माणूसच नाही. नारपोलीतल्या जु.पेक्षा दीड मिनिट कमी. नारपोलीतल्या शुक्रवारच्या थ्रीजीच्या निम्म्यात! मी ओरडलोच बहुतेक, कारण समोरच्या घरातले दोघं बाहेर आले. नीलेशने वही मागितली, बेरीज स्वतः करून बघितली. "बरोबर आहे," म्हणाला. चांगला मुलगा. दुसऱ्याची बेरीज तपासतो.

मग मी समजावायला बसलो, की आज एकच दिवस झाला, लाइट गेल्यावर टॉवर चालतो का ते बघावं लागेल, गावात मोबाइल वाढले की ही तीन मिनिटं राहतील का... नीलेशच्या आईने माझ्या हातातलं घड्याळ हलकेच काढून टेबलावर ठेवलं. "भाऊ, तुमी त्यात बगताय. जरा तिकडं बगा."

मनीषा आणि नीलेश लॅपटॉप घेऊन ओट्याच्या टोकाला. टेबल कुठल्या खिडकीशी ठेवायचं यावर वाद चालू. ती म्हणते उजेड डावीकडून हवा, तो म्हणतो डावीकडे कौलं गळतात.

बिरडं उत्तम. दोनदा घेतलं.

निघताना नीलेशच्या आईने विचारलं, पसंत हाय का? मनीषा म्हणाली, "रविवारी काम नसतं. कामाच्या दिवशी बघते. उद्या शेठला खरं डिझाइन पाठवायचंय, ते इथून पाठवते." सुनंदा म्हणाली, माझ्याकडेच राहा आजची. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, शास्त्रशुद्ध आहे.

मीही थांबतो, असं बोलायच्या आतच मनीषा म्हणाली, "बाबा, तुम्ही जा. आणि घड्याळ घेऊन जा."

सोम. ३० नोव्हें.
शेडमध्ये. साडेनऊपासून मोबाइल वरच्या खिशात. दहा वाजता नऊ नंबरच्या लूमचा धोटा अडकला, काढला. सव्वादहा. साडेदहा. रफीकभाई दोनदा म्हणाला, "फोन मत देखो, पानी उबलता नहीं है देखने से." पावणेअकरा. तिचा फोन नाही. मी फोन करायचा नाही असं तिने मी एसटीत बसायच्या आधी माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

अकरा. अकरा-पाच. शेठच्या ऑफिसात आता नमुने बघायला बसले असतील. डिझाइन पोचलं नसेल तर त्यांचा फोन घरी येणार. घरचा फोन आला, पहिल्या रिंगलाच उचलला. सौ. विचारत होती, तिचा फोन आला का.

सव्वाबाराला आला. लूमच्या आवाजात ऐकू येईना, पळत रस्त्यावर गेलो.

"गेली का?"
"काय?"
"फाइल!"
"हो हो, गेली. शेठचा होकारही आला. बाबा, इथे..."
"किती वेळ लागला?"

मागे कोणीतरी हसत होतं. एकापेक्षा जास्त माणसं.

"अय्या," ती म्हणाली. "मोजायचं राहिलं."

माझी मुलगी. मोजायचं राहिलं. तिथे उभ्या उभ्या पाच मिनिटं हसलो, मग आत येऊन रफीकभाईला सांगितलं, तर त्याने शेजारच्या दोन लूम थांबवून माझ्याशी हात मिळवला.

संध्याकाळी घरी. वहीत तारीख घातली, वेळेचा रकाना मोकळा ठेवला. सौ. म्हणते, आता मुहूर्त बघायला घ्या. मी म्हटलं, एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही, आणि त्या दिवसाचा तर आकडाच नाही. किमान सहा कामाचे दिवस लागतील. लाइट गेलेला एक दिवस धरून. आणि एक शुक्रवार, गावाकडचा. सौ. म्हणाली, तिचा परत फोन आला होता. आज येत नाही. उद्याही तिथूनच करून बघते म्हणते.

कॅलेंडर बघितलं. उद्या शेठला पाठवायचं काहीच नाहीये तिला.